एकुलता वारस

तेनालीतली निम्मी लग्नं पानकालरावाच्या मंडपाखाली लागलेली. खुर्च्या, सतरंज्या, भाताच्या हंड्या, जनरेटर, नवरा-नवरीला बसायची लाल मखमली आसनं, जे मागाल ते त्याच्याकडं. बोलायला गोड माणूस. भाडं थकलं तरी दारात जाऊन आरडाओरडा करायचा नाही. त्या घरच्या पुढच्या लग्नात पुरणाच्या वासासारखा हळूच हजर व्हायचा आणि मागची बाकी गोडीत वसूल करायचा. इज्जत म्हणजे त्याला जीव की प्राण. आणि नेमकी तीच, मुलीच्या कर्जाचे कागद करता करता, त्यानं आपल्या हातानं मातीत घातली.

मुलगी प्रसूना. गुंटूरला इंजिनिअर झाली, अमेरिकेत पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली. आमच्याकडं गल्लीतलं एक घर सोडून एक पोर तिकडं आहे, त्यामुळं जागा मिळाल्याचं कौतुक जेमतेम आठवडाभर टिकतं. नंतर बाजारात भेटेल तो विचारतो, "मग, विमान कधीचं?" जणू काही विमान बसस्टँडवरच उभं आहे.

आधी त्यानं तारण न मागणारं कर्ज बघितलं. परदेशी शिक्षणाची कामं करणाऱ्या कन्सल्टन्सीतल्या टाय लावलेल्या पोरानं त्याची आयकराची विवरणपत्रं उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "अंकल, एवढ्याशा उत्पन्नात तुम्ही जेवता तरी कसे?"

पानकालराव ओशाळं हसला. आता काय सांगणार? वर्षानुवर्षं सगळा धंदा रोखीत, आणि कर वाचवायला उत्पन्न दाखवायचं चिमूटभर. कर वाचला, पण पत गेली. सरकारकडं गरीब आणि बँकेकडं श्रीमंत, असं एकाच वेळी होता येत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"मग घर तारण द्या," पोरगा म्हणाला. "सरकारी बँक देईल. व्याजही कमी. घर कुणाच्या नावावर?"

"जागा वडिलांच्या नावावर. ते गेले."

"मग वारसाचा दाखला काढायचा. भाऊ-बहीण असतील तर त्यांचं हक्कसोडपत्र लागेल."

पानकालरावानं विवरणपत्रं पिशवीत घातली. मग त्याच्या तोंडून निघालं, "आणि नसतील तर?"

पोरानं मान वर केली. "नसतील तर नाही लागत."

एक बहीण होती. अनसूयम्मा, त्याच्याहून मोठी, रेपल्लेच्या अलीकडच्या गावात दिलेली. आईच्या मागं तिनंच त्याला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडलेलं. आणि खरं सांगायचं तर ज्या जागेवर पानकालरावाचं घर उभं होतं, ती जागाच तिची होती. आमच्याकडं मुलीला लग्नात हळद-कुंकवाच्या नावानं जमीन देतात. ती तिची, नवऱ्याचाही त्यावर हक्क नाही. बापानं भरल्या मांडवात चार वडीलधाऱ्यांपुढं सांगितलं होतं, "कालव्याकाठची जागा माझ्या अनसूयाला हळद-कुंकवाची." लिहून ठेवलं नाही. बापाचा शब्द लिहायचा असतो का कुठं?

बाप गेल्यावर पानकालरावानं विचारलं होतं, "अक्का, तिथं घर बांधू?"

"बांध की. जागा काय पळून चाललीय?"

"तुझे पैसे देईन हं मी, हळूहळू."

"दे रे सवडीनं."

ती सवड काही आली नाही. एका वर्षी खुर्च्या घ्यायच्या होत्या, एका वर्षी जनरेटर, मग प्रसूनाची फी. अक्कानं कधी विषय काढला नाही. संक्रांतीला तो तिला माहेरची साडी द्यायचा, आणि दर वर्षी ती साडी थोडी जास्त भारी असायची. साडी भारी होत गेली तसतसं पैशाचं बोलणं आणखी अवघड होत गेलं. सही मागायची म्हणजे ते सगळं उकरायचं. मागायला तोंड कुठलं?

बायको पद्माक्षी म्हणाली, "अहो, वन्संना एक फोन करा. त्या नाही म्हणायच्या नाहीत."

"नाही म्हणायची नाही, म्हणूनच तर विचारवत नाही!" तो खेकसला.

आणि मग या शहाण्यानं काय करावं? तहसील कचेरीत शपथपत्र दिलं की वडिलांना मी एकटाच. शेजारी अक्काला ओळखणारे, म्हणून साक्षीला मंडपाचे दोन गडी नेले, लांबच्या श्रीकाकुळमकडचे. मालक म्हणतात तर मालकांना बहीण नाही, आमचं काय जातंय, म्हणून त्यांनी सह्या केल्या. दाखला मिळाला. एकुलता वारस. पानकालरावाला वाटलं, चला, कुणाचं काही न बिघडवता काम झालं. जागा मनातून अक्काचीच आहे, कागदावर नाही एवढंच. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही.

पण कुणी न बोलावता अक्का आली. भाची परदेशी जाणार म्हटल्यावर ती काय घरी बसते? तूरडाळ, सुक्या मिरच्या आणि अंबाडीच्या जुड्या घेऊन सकाळच्या बसनं उतरली. "तिकडं पोरीला काय मिळणार? पाव आणि पाला!" म्हणत पदर खोचून चुलीपुढं बसली. डाळ भाजायला घेतली आणि पद्माक्षीला दटावलं, "तू बाजूला हो गं, तुझ्या हातची डाळ करपते." घरभर खमंग वास सुटला. प्रसूना कागदांसाठी गुंटूरला गेली होती.

त्याच दुपारी बँकेचा अधिकारी घर बघायला आला. दुसऱ्या दिवशी यायचा होता, पण इकडं आलोच होतो म्हणाला. कोवळा पोरगा, हातात फाईल, गळ्यात ओळखपत्र. त्यानं भिंती बघितल्या, गच्ची बघितली, फोटो काढले. ऊन मरणाचं. तेवढ्यात आतून अक्का ताकाचा पेला घेऊन आली.

"घ्या बाबू. आलं-कढीपत्ता घातलाय."

पोरानं ताक एका दमात संपवलं, ओठ पुसले आणि फाईलमध्ये बघत सहज विचारलं, "घरी तुम्ही, पत्नी आणि मुलगी, एवढेच ना? मग या कोण?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्यानं मावशी म्हणायचं होतं, शेजारीण म्हणायचं होतं, गावाकडची पाहुणी म्हणायचं होतं. पोरगा मान डोलावून पुढं गेला असता. पण पानकालरावाला त्या क्षणी शपथपत्र दिसत होतं, आणि अक्काच्या हातावरचं डाळीचं पीठ.

"त्या होय? त्या… स्वयंपाकाला येतात," तो म्हणाला.

पद्माक्षीनं तोंडावर हात ठेवला. अक्कानं भावाकडं एकदाच बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. पडलेल्या पोराला कुठं लागलं ते बघावं, तसं बघितलं. मग तिनं रिकामा पेला उचलला.

"हो साहेब," ती म्हणाली. "मालकांची मुलगी परदेशी चाललीय ना, तिची चटणी करतेय."

"वास तर फार छान येतोय. किती देतात हो तुम्हाला?" पोरगा थट्टेनं म्हणाला.

"पोटभर देतात."

पोरगा खूश. बाहेर पडताना पानकालरावाला म्हणाला, "सर, विवरणपत्रात तुमचं उत्पन्न फारच कमी दिसतंय. पण घरात स्वयंपाकाला बाई आहे म्हटल्यावर राहणीमान चांगलं आहे, असं लिहितो मी. मदत होईल." आणि त्यानं खरोखर तसं लिहिलं. म्हणजे सख्ख्या बहिणीला मोलकरीण केल्याबद्दल पानकालरावाची पत वाढली. असलं बक्षीस देवानं वैऱ्यालाही देऊ नये.

पोरगा गेला तरी पानकालराव आत गेला नाही. ओसरीवर उभा राहून उगाच एक धड असलेली सतरंजी फाटलीय का ते बघत राहिला. आतून मुसळाचे घाव ऐकू येत होते, एका तालात. अक्कानं डाळ कुटली, चटणी बरण्यांत भरली, चूल पुसली. पद्माक्षी तिच्या पायाशी बसून रडायला लागली तर म्हणाली, "ऊठ. दूध उतू जाईल." पानावर बसली नाही, पाणीही प्याली नाही. देवापुढच्या कोयरीतलं कुंकू आपलं आपण लावलं आणि पिशवी उचलली.

दारात पानकालराव आडवा आला. "अक्का, ते कागदाचं एक होतं… म्हणजे मी तसं…"

"कळलं मला," ती म्हणाली. "निघते."

माहेरातून जाताना बाई 'येते' म्हणते. जन्मभर अक्काही तेच म्हणत आली होती. पानकालराव बस दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभा होता, आणि तिनं खिडकीतून मागं बघितलं नाही.

संध्याकाळी प्रसूना आली. "आत्या कुठंय?" तिनं बरण्या बघून विचारलं.

"तिला… घाई होती," पानकालराव म्हणाला. पद्माक्षीनं तोंड फिरवलं. पोरगी काय ते समजली की नाही कोण जाणे, पण तिनं दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा आत्या म्हणाली, "मी बरी आहे गं राणी, तू कागदांकडं बघ."

कागद पुढं सरकले. बँकेचे वकील आंजनेयुलू म्हणजे जुनं खोड, पान खाऊन दात लाल झालेले. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, "ठीक. आता पेपरात नोटीस देऊ. 'पानकालराव हे मयताचे एकमेव वारस असून, कुणाची हरकत असल्यास कळवावे.' आठवडाभरात हरकत आली नाही की मंजूर. मुलीची फी वेळेत जाईल, काळजी नको."

"पेपरात? कुठल्या?"

"सगळ्या जिल्ह्यात जातो तो."

पानकालरावाच्या डोळ्यांपुढं अक्काच्या गावचा चहाचा ठेला उभा राहिला. तिथं एक जण पेपर मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे ऐकतात. मयताच्या बातम्या आणि जमिनीच्या नोटिसा तर चवीनं. कुणीतरी उठून अक्काच्या दारात जाणार. "काय गं अनसूयम्मा, तुझ्या बापाला म्हणे एकच पोर! मग तू कुणाची गं?" आणि ती हरकत घेणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. ती गप्प बसणार, नोटिशीची मुदत संपणार, बँकेचा शिक्का बसणार. आणि मग सरकारदरबारी, कायमचं, त्याला बहीण नव्हती असं होणार.

तो खुर्चीतून उठला. "वकीलसाहेब, नोटीस नको. एक बहीण आहे."

आंजनेयुलूंचं पान चावायचं थांबलं. "कधीपासून?"

"माझ्या… आधीपासून."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शपथेवर सांगितलंस बहीण नाही म्हणून! शेण खायला दुसरी जागा नाही मिळाली तुला? बँकेला आज कळलं ना, तर कर्ज राहू दे, तुझ्यावर खटला भरतील. पोरीचं नाव खराब होईल ते वेगळंच. आणि बहीण काय भांडखोर आहे का? कोर्टात खेचते?"

"नाही हो. तसली नाही ती."

"मग?"

पन्नाशी उलटलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा खाली मान घालून उभा. बाहेर बाकावर दोघं-तिघं बसून ऐकत होते. त्यातल्या एकाच्या मुलीच्या लग्नाला याचाच मंडप होता.

शेवटी आंजनेयुलूच विरघळले. "जा. आधीचं शपथपत्र चुकलं म्हणून अर्ज दे, दोघांच्या नावाचा दाखला काढ. मी फाईल तोवर दाबून ठेवतो. पण बहिणीचं हक्कसोडपत्र नोंदवून आण, तेही या पंधरवड्यात. ते नाही आलं तर मुलीची जागा गेली समज. बहिणीचे पाय धर, काय वाटेल ते कर."

दाखला झाला, तसा पानकालराव अक्काच्या गावी गेला. जाताना भारीतली भारी रेशमी साडी घेतली, आणि अर्ध्या वाटेत त्याचीच त्याला लाज वाटली, म्हणून ती पिशवीतच ठेवली. अक्का अंगणात शेवग्याच्या शेंगा सोलत होती. त्याला बघून उठली.

"या. बसा," ती म्हणाली. "चहा घेणार?"

जन्मल्यापासून त्यानं ज्या तोंडातून 'पानकालू, मुडद्या' याशिवाय काही ऐकलं नव्हतं, त्या तोंडातून 'बसा'.

"अक्का, असं नको ना. मार मला. शिव्या दे."

"मालकांना शिव्या देतात होय?" ती म्हणाली, आणि त्यात थट्टा नव्हती. आतून तिचे यजमान खोकत होते. "काम सांगा."

त्यानं सांगितलं. अडखळत, अर्धं गिळत. जागेचं, दाखल्याचं, नोटिशीचं. पैसे देतो म्हणाला, लिहून देतो म्हणाला, घर नावावर करतो म्हणाला. तिनं सगळं ऐकून घेतलं, शेंग सोलणं थांबवलं नाही.

"सही केली नाही तर पोरीचं जाणं अडेल का?"

"अडेल."

"मग कधी यायचं आणि कुठं, तेवढं सांगा. बाकी काही नको."

ठरल्या दिवशी ती एकटी आली, बसनं. पानकालराव आणि पद्माक्षी आधीच येऊन थांबले होते. दुय्यम निबंधक कचेरीबाहेर झाडाखाली दस्तलेखक बसतात, त्यातल्या एकानं कागद तयार ठेवला होता. पद्धत अशी की सही करणाऱ्याला तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. तो वाचू लागला, "…माझे सख्खे धाकटे बंधू यांच्यावरील नैसर्गिक प्रेम व मायेपोटी, कोणताही मोबदला न घेता, मी माझा हक्क…"

"थांबा," अक्का म्हणाली. "ते प्रेमाचं काढा."

दस्तलेखक हसला. "अम्मा, ते सगळ्यांच्याच कागदात असतं. छापील आहे."

"असू दे. शपथेवर खोटं एकदा झालंय आमच्या घरात. मी नाही लिहून देणार."

"पण काहीतरी लिहायला लागतं ना! प्रेम नाही, तर पैसा. बिनकारणाचा कागद साहेब घेत नाहीत."

पानकालराव पुढं झाला. "अक्का, किंमत सांग. जागेची बाजारभावानं जी होईल ती, मी हप्त्यानं…"

तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. दस्तलेखकालाच विचारलं, "तेनालीत स्वयंपाकाला बाई ठेवली तर महिन्याला काय देतात हो?"

"दोन्ही वेळचं असेल तर सहा हजार. का?"

"मग तेवढे लिहा."

दस्तलेखकाला काही कळलं नाही. त्यानं खांदे उडवून लिहिलं. पद्माक्षी झाडाच्या बुंध्याकडं तोंड करून उभी राहिली. पानकालरावानं खिशातून नोटा काढल्या. देताना एक नोट खाली पडली, ती अक्कानंच उचलली, सगळ्या मोजल्या आणि बटव्यात ठेवल्या.

आत साहेबांपुढं गर्दी होती. साहेबांनी कागदावरून नजर फिरवली आणि प्रत्येकाला विचारतात तसं मोठ्यानं विचारलं, "अनसूयम्मा, कुणाची जबरदस्ती नाही ना? पैसे मिळाले?"

"मिळाले साहेब."

साहेबांनी आकडा पुन्हा बघितला. "एवढ्या जागेचे एवढेच? हे कसले पैसे?"

"पगार," ती म्हणाली, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "यांच्याकडं मी स्वयंपाकाला होते. काम एकाच दिवसाचं केलं, पण त्यांनी पगार महिन्याचा दिला. माणूस वाईट नाही."

तिनं सही केली. मग पेन पानकालरावापुढं ठेवलं गेलं. मागं रांगेत कुणीतरी म्हणालं, "आटपा लवकर." त्यानं सही केली आणि मान वर केली, तेव्हा अक्का बसस्टँडच्या रस्त्याला लागली होती.